मृतांचे ऋण आणि एक प्रश्नावली

कर्तव्य बजावताना ज्याला मृत्यू येतो त्याच्याविषयी समाजाचे कर्तव्य कोणते, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. त्याचा अंत्यविधी सन्मानाने करावा, त्याच्या विधवेची व मुलांची काळजी वाहावी, त्याचे नाव शिळेवर कोरावे. एवढे झाले की ऋण फिटले, असे आपण समजतो. आम्हांला या समजुतीत एक मोठी उणीव दिसते. अमेरिकेतील अग्निशामक दलांच्या एका पाहणीच्या निमित्ताने ती वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

पाहणीचा विषय ऐकायला रूक्ष आहे. कामगारांच्या सुरक्षिततेचा व आरोग्याचा अभ्यास करणारी, 'नायॉश' या आद्याक्षरी नावाने ओळखली जाणारी एक सरकारी संस्था त्या देशात आहे. १९९८ साली अमेरिकी संसदेने दिलेल्या निधीतून या संस्थेने कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या अग्निशामक जवानांच्या मृत्यूंची स्वतंत्र चौकशी सुरू केली. या चौकशीचे वैशिष्ट्य असे की, ती कोणालाही दोषी ठरवीत नाही आणि कोणाला शिक्षा करण्याचा अधिकारही तिला नाही. काय घडले, कशामुळे घडले आणि पुन्हा घडू नये म्हणून काय करावे, एवढेच अहवालात असते. तो सर्वांसाठी खुला असतो. पुढे २००६च्या सुमारास, या शिफारशी कोणी वाचल्या आणि कोणी अमलात आणल्या, हे जाणण्यासाठी देशभरातून निवडलेल्या दलांकडे प्रश्नावली पाठवण्यात आली. जवानांची वैद्यकीय तपासणी नियमित होते काय? बंबात बसल्यावर सुरक्षापट्टा बांधला जातो काय? आत गेलेला जवान अडकल्यास त्याला बाहेर काढण्यासाठी वेगळी तुकडी दाराशी सज्ज असते काय? प्रश्न साधे आहेत. पण त्यांतील प्रत्येकामागे कोणाची तरी शवपेटी आहे.

त्यांतल्या एका प्रसंगाकडे थोडे थांबून पाहू. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर या शहरात १९०६ साली बांधलेले एक शीतगृह होते. कित्येक वर्षे ते ओस पडलेले होते. भिंती जाड, खिडक्या जवळजवळ नाहीतच, आतून बूच व डांबर यांचे थर, आणि आतली रचना भूलभुलैयासारखी. ३ डिसेंबर १९९९ रोजी संध्याकाळी तेथे आग लागली. आत निराश्रित माणसे राहतात असे दलाला कळले, म्हणून जवान त्यांच्या शोधासाठी वर गेले. दोघे जण धुरात वाट चुकले. त्यांच्या टाक्यांतील हवा संपत आली तेव्हा त्यांना शोधायला आणखी चौघे गेले, आणि तेही परतले नाहीत. ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते ते स्त्री-पुरुष आग लागताच तेथून निघून गेले होते. त्यांच्याच हातून कलंडलेल्या मेणबत्तीने आग लागली होती, आणि त्यांनी कोणालाही वर्दी दिली नव्हती.

सहा जण गेल्यावर सातवा, आठवा, दहावा असे सगळेच आत शिरायला धडपडत होते. तेव्हा त्या रात्रीचे एक अधिकारी, माइक मॅकनामी, दारात आडवे उभे राहिले आणि त्यांनी कोणालाही आत जाऊ दिले नाही. आपलेच सोबती आत आहेत हे ठाऊक असताना, बाहेरच्यांचा संताप झेलीत, दार अडवून उभे राहणे! आत धावणाऱ्यांचे शौर्य सर्वांना दिसते, आणि ते खरेच आहे. या माणसाने त्या उंबरठ्यावर जे केले त्याला मात्र आपल्या भाषेत अजून धड नाव नाही. आम्हांला ते त्याच तोलाचे वाटते.

अशा अंत्यविधींच्या वेळी योहानाच्या शुभवर्तमानातील, मित्रांसाठी प्राण देणाऱ्या प्रीतीविषयीचे वचन अनेकदा वाचले जाते. ते वाचले जावे यात आम्हांला काही अनुचित वाटत नाही. त्या सहा जणांनी अनोळखी माणसांसाठी आणि नंतर सोबत्यांसाठी प्राण पणाला लावले, हे कोण नाकारील? परंतु एक सूक्ष्म धोका आहे. मरणाला एकदा बलिदान म्हटले की त्याला प्रश्न विचारणे अभद्र वाटू लागते. इमारत ओस आहे आणि आतून घातक आहे, अशी खूण तिच्यावर का नव्हती? आत गेलेल्यांजवळ बाहेरची वाट दाखवणारा दोर का नव्हता? हे प्रश्न चौकशी अहवालाने विचारले, आणि त्यांतूनच शिफारशी निघाल्या. असे विचारण्याने मृतांचा उपमर्द होतो असे मानणारे लोक तेव्हाही असतील, आजही आहेत. आमच्या मते मृतांची खरी उपेक्षा त्यांचा अहवाल न वाचण्यात आहे. देणाऱ्याने प्राण दिले ही त्याची प्रीती. पण ते देण्याची वेळ त्याच्यावर विनाकारण आणणे हे आपले पुण्य होऊ शकत नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. त्याच्या पोटात स्फोटके आणि कापसाच्या गासड्या एकत्र भरलेल्या होत्या. आग विझवण्यासाठी झटणारे मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या स्फोटांत गेले. त्यांच्या स्मरणार्थ हाच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. पुढे ९ मे २०१५ रोजी काळबादेवीत जळती इमारत कोसळून या दलाचे चार वरिष्ठ अधिकारी प्राणास मुकले. पुष्पचक्रे वाहिली गेली, मानवंदना झाली. अमेरिकेतील प्रश्नावली स्मरणाच्या या विधीत एका शब्दाची भर घालते: मग?

त्या पाहणीतून जे दिसले ते विचार करायला लावणारे आहे. मोठ्या शहरांतील, पगारी जवान असलेली दले शिफारशी बऱ्याच अंशी पाळत होती. लहान गावांची आणि स्वयंसेवकांची दले मागे होती. त्या देशात अग्निशामकांची संख्या सुमारे दहा लाख असून त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश स्वयंसेवक आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे वजन कळते. दिवसभर शेतावर किंवा दुकानात राबणारा माणूस सूचना मिळताच हातचे काम टाकून धावतो. त्याचा दलप्रमुखही बहुधा तसाच, विनावेतन. त्याच्याकडे अहवाल वाचायला वेळ नाही आणि नवे श्वसनयंत्र घ्यायला पैसा नाही. कित्येक ठिकाणी दलाचा खर्च गावजेवणे भरवून आणि वर्गणी काढून भागवला जातो. अशा दलाने 'नाही' या चौकटीत खूण केली तर तो दोष कोणाचा?

येथे नीतिशास्त्राचा एक जुना नियम आठवतो: जे करणे शक्य नाही ते करण्याचे बंधन कोणावर नसते. पण बंधन त्यामुळे नाहीसे होत नाही, ते दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. ज्या गावाचे घर वाचवायला तो माणूस धावतो त्या गावाकडे, कर कमी ठेवण्याच्या बोलीवर मते मागणाऱ्याकडे आणि ती देणाऱ्याकडे. चौकशी कोणालाही दोषी ठरवीत नाही, आणि तेच योग्य आहे, कारण दोषाच्या भीतीने माणसे सत्य लपवतात. मात्र कायद्याने दोष न लावल्याने सदसद्विवेकाचे काम संपते असे नाही. तसे मानणे आम्हांला फार सोयीचे वाटते, म्हणूनच संशयास्पदही. (प्रश्नावली भरणाऱ्याने कागदावर 'होय' लिहिले आणि सुरक्षापट्टा मात्र आसनाखाली धूळ खात पडला, असेही होऊ शकते. पण तेवढ्यासाठी विचारणेच सोडून देणे बरे नव्हे.) विचारणारेही कायम राहतीलच असे नाही. २०२५ साली या संस्थेत मोठी कर्मचारीकपात जाहीर झाली आणि मृत्यूंची चौकशी करणाऱ्यांवरही ती आली. मृतांकडून शिकण्यालाही अंदाजपत्रकात जागा लागते, हे त्यावरून उमगते.

आता आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांना आश्चर्याची वाटेल. अग्निशामकांचे कर्तव्यावरील मृत्यू म्हटले की ज्वाळा आणि कोसळणारी छपरे डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात अमेरिकेत त्यांपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू हृदयविकाराने होतात. १९९४ ते २००४ या काळातील मृत्यूंचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष आग विझवण्यात जवानाचा कामाचा फार तर १ ते ५ टक्के वेळ जातो. तरी हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी ३२ टक्के त्याच वेळात घडले, असे त्यात आढळले. झोपेतून दचकून उठणे, जड पोशाख, प्रचंड उष्मा, आणि आधीच दुखावलेले हृदय. म्हणून शिफारस अशी की, प्रत्येक जवानाची नियमित वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि ज्याचे हृदय हे काम पेलणार नाही त्याला त्यापासून दूर ठेवावे.

या शिफारशीला यंत्रे लागत नाहीत; तपासणीचा खर्चही एखादे गाव कसाबसा काढील. अडचण त्यापुढची आहे. लहान गाव, वीस-पंचवीस जणांचे दल, सगळे एकमेकांच्या लग्नांना गेलेले. त्यांतला एक साठीचा गृहस्थ. तीस वर्षांत एकही हाक त्याने चुकवलेली नाही, आणि आजच्या दलप्रमुखाला पाइप धरायला त्यानेच शिकवले. डॉक्टरांचा कागद आला आहे. आज रात्री भोंगा वाजला की तो बूट चढवून सर्वांच्या आधी बंबाशी येईल, आणि दलप्रमुखाला दारात उभे राहून त्याला सांगावे लागेल की, काका, तुम्ही यायचे नाही.