चर वर, विहीर खाली

तीन काठ्या, हातभर सुतळी आणि एक दगड. दोन काठ्या वरच्या टोकाला एकत्र बांधून पाय फाकवायचे, तिसरी मध्ये आडवी बांधायची आणि शेंड्यावरून सुतळीला दगड लोंबता सोडायचा. याला ए-फ्रेम म्हणतात. सुतळी आडव्या काठीवर जिथे टेकेल तिथे कोळशाने खूण करायची, मग चौकटीच्या पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण. दोन खुणांच्या बरोबर मधोमध सुतळी आली की दोन्ही पाय एका पातळीत. आता एक पाय रोवून धरायचा, दुसरा वर-खाली सरकवत राहायचं, सुतळी त्या मधोमध थांबली की तिथे फक्कीची चिमूट टाकायची आणि पुढचं पाऊल. तासाभराने मागे वळून पाहिलं तर डोंगराच्या अंगावर एक पांढरी रेघ उमटलेली असते. ती सरळ कधीच नसते. डोंगर जिथे आत शिरतो तिथे ती आत शिरते, पोट काढतो तिथे बाहेर येते. पाऊस त्या डोंगरावरून कसा चालतो हे पहिल्यांदा मला त्या रेघेने शिकवलं, शाळेतल्या भूगोलाने नव्हे.

एका एप्रिलात आम्ही शहरातले पंधरा-वीस जण श्रमदानाला गेलो होतो. चर दोन फूट रुंद, एक फूट खोल, निघालेल्या मातीचा भराव खालच्या बाजूला. पाऊण तासात माझ्या तळहाताला फोड आले आणि नंतरचा वेळ मी मुख्यतः फोटो काढण्यात घालवला, हे कबूल केलेलं बरं. थोड्या अंतरावर एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती. बराच वेळ पाहून झाल्यावर तिने विचारलं, "हितं पाणी थांबलं, तर खाली कुनाच्या हिरीला उतरंल?"

"सगळ्यांच्याच," मी म्हणालो.

"माझी तर हीरच न्हाई."

पाणलोटाच्या कामाबद्दल मी पुढे पुष्कळ वाचलं, बरीच गावं पाहिली. तिच्या त्या चार शब्दांना मात्र अजून मला वळसा घालता आलेला नाही.

पाणलोट म्हणजे तरी काय? ज्या सगळ्या जमिनीवर पडलेलं पाणी वाहत वाहत एकाच तोंडाने बाहेर पडतं, ती जमीन. आपण नदी म्हणतो ते फक्त त्या जमिनीचं तोंड. महाराष्ट्राच्या भूजल खात्याने राज्याचे असे दीड हजारांहून अधिक पाणलोट पाडले आहेत. त्यांच्या सीमा डोंगराच्या धारेवरून जातात. गावांच्या सीमा तलाठ्याच्या नकाशावरून जातात, आणि मतदारसंघांच्या कशावरून जातात हे आपण सगळे जाणतोच. त्यामुळे नदी वाचवायला निघालेल्या माणसाच्या वाट्याला पहिली अडचण ही येते, की ज्या भूभागासाठी तो काम करतो त्या भूभागाचा म्हणून कुणी सरपंच नसतो.

दुसरी अडचण पायाखाली आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग काळ्या बसाल्टचा. हा दगड पाणी पीत नाही, फक्त भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात थोडंफार राखून ठेवतो. भांडं उथळ, पावसाळ्यात पटकन भरतं आणि सात-आठ माणसांनी मोटर लावली की फाल्गुनात तळ दाखवतं. पण याच उथळपणामुळे माथ्यावर मुरवलेलं पाणी फार दूर न जाता पायथ्याच्या विहिरीत पाझरतं. 'माथा ते पायथा' हे या कामातलं सगळ्यांच्या तोंडी बसलेलं सूत्र इथूनच आलं. आधी डोंगर, मग उतार, मग ओढा, सगळ्यांत शेवटी मोठा बंधारा. वरचं काम सोडून खाली बंधारा बांधला तर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच तो गाळाने भरतो.

हिशोब साधा आहे. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरांचं शिवार आणि चारशे मिलिमीटर, म्हणजे दुष्काळी म्हणावा असा पाऊस धरला, तरी चारशे कोटी लिटर होतात. यातलं बरंचसं उन्हात उडून जातं, काही झाडं-पिकं पितात, काही वाहून जातं. तरी उरलेल्यावर एक गाव जगू शकतं. जगू शकतं म्हणजे ज्वारी, कडधान्य, थोडा कांदा, थोडा भाजीपाला यांवर. उसावर नाही.

पुरंदर तालुक्यात हा हिशोब फार आधी कुणीतरी मांडला होता. पुरंदर म्हणजे कऱ्हेचं खोरं. आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'कऱ्हेचे पाणी' असं नाव दिलं, सोमवती अमावास्येला जेजुरीचा खंडोबा याच कऱ्हेवर स्नानाला येतो; नाव मोठं, पाऊस मात्र बेताचा. १९७२ च्या दुष्काळात इथे हजारो शेतकरी खडी फोडत बसले होते. स्वतःच्या शेतात ज्वारी पिकवणारी माणसं, सरकारी मजुरीवर, रस्ता कुठे जाणार हे ठाऊक नसताना रस्त्यासाठी दगड फोडत होती. ते पाहिलं विलासराव साळुंखे यांनी. ते पुण्यातले इंजिनिअर आणि कारखानदार. हीच माणसं, हेच हात, हीच मजुरी, मग त्यातून पाणी अडवण्याचं काम का निघू नये, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी नायगावला देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली. तिच्यावर बांधबंदिस्ती केली, पायथ्याला पाझर तलाव केला, आणि जिथे काही पोती धान्य निघायची मारामार तिथे दोन्ही हंगामांत पीक उभं केलं. इथवरची गोष्ट कर्तबगार माणसाची आहे, आणि अशी माणसं आपल्याकडे सुदैवाने अधूनमधून निपजतात.

पण पाणी आल्यावर साळुंखे थांबले आणि त्यांनी विचारलं, हे कुणाचं? त्याचं उत्तर म्हणजे पाणी पंचायत. तिचे नियम आजही वाचताना जरा दचकायला होतं. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशोबाने: घरातल्या दर डोई अर्ध्या एकराला पुरेल एवढं आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. तुमची पंचवीस एकर असो, पाणी अडीचलाच. जमीन विकली तर तिच्यासोबत पाण्याचा हक्क विकला जाणार नाही. ऊस नाही. खर्चाचा वीस टक्के वाटा लाभधारकांनी आधी काढायचा. आणि ज्याला जमीनच नाही त्याचाही पाण्यात वाटा.

शेवटचा नियम पुन्हा वाचा. माझ्या शेळ्यावाल्या म्हातारीचं उत्तर तिथे लिहिलेलं आहे.

साळुंखे २००२ साली गेले. त्यांचा गौरव भरपूर झाला, पाणी पंचायतीवर प्रबंध लिहिले गेले, पण त्या नियमाच्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही. याचं कारण आपल्या कायद्यातच आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या आधाराने आजही असंच मानलं जातं, की जमीन ज्याची, तिच्याखालचं पाणी त्याचं. २००९ चा महाराष्ट्राचा भूजल अधिनियम आहे, त्यात पाणलोट समित्या आहेत, खोल विहिरींवर बंधनं आहेत. पण तोही पाण्याचा उपसा आवरायला बघतो, वाटणीच्या प्रश्नाला हात घालत नाही. डोंगरावरचा चर गायरानावर, म्हणजे सगळ्यांच्या जमिनीवर खणला जातो. त्यातलं पाणी जाऊन उतरतं ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या विहिरीत.

आणि चर खणल्याबरोबर डोंगर बंद होतो. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. नगर जिल्ह्यातून पुढे आलेल्या पाणलोटाच्या कामांत या अटी पहिल्यापासून आहेत. राळेगणसिद्धीत होत्या, हिवरे बाजारात होत्या, फादर बाकर यांच्या प्रेरणेने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात उतरलेल्या गावांतही होत्या. त्या चुकीच्या आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. मोकाट चराईत रोप तग धरत नाही, गवत वाढत नाही, आणि गवत नसेल तर चर वर्षात गाळाने भरतो. पण बंदीची किंमत कोण मोजतं ते एकदा सांगितलं पाहिजे. शेळीला गरिबाचं एटीएम म्हणतात. दवाखाना आला, पोरीचं लग्न आलं की एक बोकड विकायचा. ज्याची शेती आहे तो म्हैस दारात बांधून वैरण घालू शकतो. ज्याच्याकडे फक्त शेळ्या आहेत त्याने दोन-तीन वर्षं काय करायचं? जिथे कार्यकर्त्यांनी हा प्रश्न आधी विचारला, तिथे डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद केला गेला, गवत कापून न्यायला मुभा दिली गेली, रोपवाटिकेचं काम याच घरांतल्या बायकांना मिळालं. जिथे विचारला नाही, तिथे रात्री शेळ्या चरात शिरल्या. त्या शेळ्यांना मी दोष देत नाही.

मला वाटतं, या कामातली खरी कसोटी श्रमदानाच्या दिवशी नसते. श्रमदानाला ढोल असतो, दुपारी पिठलं-भाकरी असते, पाहुणे असतात. तीन तालुक्यांत २०१६ साली सुरू झालेल्या वॉटर कप स्पर्धेने हजारो माणसं उन्हात डोंगरावर चढवली, हे कमी नव्हे. फावडं हातात घेतल्याखेरीज आपल्याच शिवाराचा उतार कळत नाही हे मी स्वतःवरून सांगतो. कसोटी येते ऑक्टोबरात. विहिरी भरलेल्या आहेत, व्यापारी दारात येऊन डाळिंबाच्या कलमांचे भाव सांगतो आहे, साखर कारखान्याची चिठ्ठी आली आहे, आणि अशा वेळी कुणीतरी उभं राहून म्हणायचं असतं, 'नाही.'

हिवरे बाजारात ते म्हणण्याची पद्धत बसवली गेली. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले तेव्हा गाव ओसाडीच्या वाटेवर होतं. डोंगरावर चर झाले, झाडं आली, हे सगळं इतरत्रही झालं. तिथे वेगळं आहे ते पाण्याचं अंदाजपत्रक. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची आणि ग्रामसभेत ठरवायचं: आधी माणसांचं पिणं, मग जनावरांचं, मग उरलं तर रब्बी, आणि किती एकर. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. पाऊस कमी झाला तर कांदा कमी, तक्रार नाही. मी हे गाव पाहिलंय. मला तिथल्या झाडांपेक्षा हा हिशोब लिहिलेला फळा जास्त आवडला. फळ्यावर लिहिलेला आकडा सगळ्या गावाला दिसतो. चोरून लावलेली मोटर ही मग सरकारची चोरी राहत नाही, शेजाऱ्याची होते.

फळा नसतो तिथे पाण्यामागून मालक येतो. राजस्थानात अलवर जिल्ह्यातली अरवरी नदी हे त्याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण. राजेंद्रसिंह आणि तरुण भारत संघाने १९८५ पासून गावोगावच्या लोकांबरोबर जोहड, म्हणजे मातीचे अर्धगोल बांध, बांधायला घेतले. कुणी नदी जिवंत करायला निघालं नव्हतं. प्रत्येक गाव आपापल्या ढोरांसाठी पाणी अडवत होतं. पाणलोटभर जोहड झाले आणि दहा-एक वर्षांनी कोरडी अरवरी बारमाही वाहू लागली. नदीत मासे आले. मासे आल्याबरोबर १९९६ च्या सुमारास सरकारने मासेमारीचा ठेका देऊन टाकला! कोरड्या नाल्याला जोवर कुणी विचारत नव्हतं तोवर तो गावांचा होता. पाणी आलं तसा तो सरकारजमा झाला. लोक आडवे उभे राहिले, ठेका गुंडाळावा लागला, आणि १९९९ मध्ये सत्तर-एक गावांनी मिळून अरवरी संसद स्थापन केली. उसासारखी तहानलेली पिकं नकोत, उन्हाळ्यात नदीतून उपसा नको, असे नियम तिने केले. तिला कायद्याने कुणी अधिकार दिलेला नाही. मघाशी मी म्हटलं की पाणलोटाला सरपंच नसतो. अरवरीने तो स्वतःच नेमला.

आपल्याकडे मधल्या काळात जेसीबी आला. ओढ्यांचं खोलीकरण झपाट्याने झालं, कारण ते आठवड्यात दिसतं, आणि त्याची बिलंही निघतात. डोंगरावरच्या चराचं उद्घाटन होत नाही. तिथवर गाडी जात नाही. खोल केलेल्या ओढ्यात पाणी साठलेलं पाहून मलाही पहिल्यांदा आनंद झाला होता. मग एका विहीर खणणाऱ्याने दाखवलं, की वाळू आणि मुरूम खरवडून खाली काळ्या पाषाणापर्यंत गेल्यावर पाणी मुरायचं कुठे? ते उघड्यावर साठतं आणि ज्याचं शेत काठाला आहे तो पाइप टाकतो. वाटणीचा प्रश्न होता तिथेच राहतो, फक्त जरा जास्त खोल जातो.

गेल्या वर्षी, पाऊस सरल्यावर, मी त्या डोंगरावर पुन्हा गेलो. आमचा चर सापडायला वेळ लागला. तो जवळजवळ बुजला होता. मला आधी वाईट वाटलं, मग लक्षात आलं की त्यात भरलेली ती सगळी माती नाहीतर खालच्या बंधाऱ्यात गेली असती. भरावावर कमरेएवढं गवत होतं. म्हातारी तिथेच होती, विळा घेऊन. डोंगर बंद असला तरी कापून न्यायला परवानगी होती. मी शेळ्या किती आहेत विचारलं.

"दोनच ठिवल्या. बाकीच्या इकल्या."

खाली विहिरीला पाणी कसं आहे हे मी विचारणार होतो, पण विचारलं नाही. तिने भारा बांधला आणि म्हणाली, "जरा हात लावा." मी भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला. वाटला होता त्याच्या दुप्पट जड होता. सरळ खाली न उतरता ती भरावावरून, डोंगर वळतो तशी वळत, आडवी निघून गेली.