विषाद, मेद आणि कर्तृत्व

बंगळूर येथे होसूर रस्त्यावर ‘निम्हान्स’ या नावाने ओळखली जाणारी जी संस्था आहे, तिचे मूळ एकोणिसाव्या शतकातील वेड्यांच्या इस्पितळात आहे. १९२५ साली म्हैसूर संस्थानात ते जुने नाव टाकून ‘मानसिक रुग्णालय’ असे नाव देण्यात आले आणि १९७४ मध्ये हे रुग्णालय व अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकीकरणातून आजची संस्था उदयास आली. १९२५ चे नामांतर वरवरचे नव्हे. वेडा म्हटले की समाज हात झटकतो. रुग्ण म्हटले की त्याच्याविषयी कर्तव्य उत्पन्न होते. याच संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या पाहणीत असे आढळले की, प्रौढांपैकी विसांतील सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा विषादाच्या विकाराने ग्रासलेले असते.

तथापि या कर्तव्यबुद्धीच्या कक्षेत अद्यापि दोन माणसे पुरतेपणी आलेली नाहीत. घरात सर्व काही सुरळीत असूनही ज्याच्याने सकाळी अंथरूण सोडवत नाही, तो आळशी ठरतो. ज्याचे शरीर स्थूल आहे, तो जिभेचा गुलाम ठरतो. दोघांनाही एकच उपदेश केला जातो, ‘मनात आणले तर काय होणार नाही?’ उपदेश करणाऱ्याच्या ध्यानीमनी नसले तरी त्यात एक तत्त्वज्ञान दडलेले आहे. ते असे की, मनुष्याच्या देहाची व चित्ताची स्थिती ही सर्वस्वी त्याचीच करणी होय. हे कितपत खरे आहे?

जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून असे दिसते की, विषादाच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक आढळतो, त्यातील सुमारे ३७ टक्के वाटा आनुवंशिक आहे; देहभाराच्या बाबतीत तो ४० ते ७० टक्के धरला जातो. अर्थात एखाद्या विशिष्ट माणसाच्या दुःखाचे असे टक्के पाडता येत नाहीत. २००७ साली ‘एफटीओ’ या जनुकाचा स्थूलतेशी असलेला संबंध उजेडात आला. त्याचे विशिष्ट रूप माता व पिता या दोहोंकडून लाभलेल्या माणसाचे वजन, ते मुळीच न लाभलेल्या माणसाहून सरासरी तीन किलोने अधिक भरते. मेद व विषाद बहुधा जोडीने आढळत असल्यामुळे हेच बीज विषादही वाढवीत असेल, असे वाटणे साहजिक होते. परंतु २०१२ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांना नेमके उलटे दिसले. ते रूप धारण करणाऱ्यांत विषादाचा संभव सुमारे आठ टक्क्यांनी कमी होता!

येथे चरकसंहितेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तिच्या सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलतेची कारणे सांगताना अतिभोजन व व्यायामाचा अभाव यांच्याबरोबर नित्य हर्ष, चिंतेचा अभाव आणि बीजाचा स्वभाव हीही गणलेली आहेत. यावरून चरकाचार्यांस जनुके ठाऊक होती असा डांगोरा पिटणे हास्यास्पद होईल. परंतु स्थूल मनुष्याचा विचार करताना त्याच्या ताटापलीकडे पाहिले पाहिजे, एवढे त्यांनी जाणले होते.

मग मेद व विषाद जोडीने का आढळतात? एका बीजाने जे सांगितले ते अनेक बीजे मिळून सांगत नाहीत. २०१८ साली ब्रिटनमधील लक्षावधी लोकांच्या माहितीवरून असे दिसून आले की, देहभार वाढविणारी अनेक जनुके एकत्र धरली असता त्यांच्याबरोबर विषादाचा संभवही वाढतो. अभ्यासकांनी पुढे आणखी एक सूक्ष्म प्रश्न विचारला. मेद वाढवूनही मधुमेहादी विकारांपासून रक्षण करणारी काही जनुके असतात, त्यांचे काय? त्यांच्या बाबतीतही विषादाचा संभव वाढलेलाच आढळला. म्हणजे स्थूल मनुष्य केवळ व्याधीने खचतो असे नव्हे. लोकांच्या नजरेने व बोलण्यानेही तो खचत असावा. असे असेल तर ‘मनात आणले तर काय होणार नाही’ म्हणणारा हा केवळ साक्षी राहत नाही. रोगाच्या कारणांत त्याच्या वाणीचीही गणना करावी लागते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, इंद्रियादी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. हे पाच असताना जो एकट्या कर्त्यासच कारण मानतो, त्याची बुद्धी असंस्कृत होय, असा तेथील निर्णय आहे. हे बहुधा अहंकारी माणसाला उद्देशून वाचले जाते. परंतु दुसऱ्याला दोष देणाऱ्यालाही ते तितकेच लागू पडते. अर्थात ‘बीजातच आहे, इलाज काय?’ म्हणून स्वस्थ बसणाराही पाचांतील एकट्या दैवालाच धरून बसतो. एफटीओचा स्थूलतेवरील परिणाम शरीरश्रम करणाऱ्या प्रौढांत सुमारे चतुर्थांशाने कमी असतो, असे २०११ साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून निष्पन्न झाले. यत्न हे एक कारण आहेच. मात्र विषादात यत्न करण्याची शक्तीच क्षीण झालेली असते, आणि उपदेशकाला ते दिसत नाही.

अर्जुनाचा विषाद युद्धप्रसंगातून उद्भवला होता. निष्कारण उद्भवणाऱ्या विकाराशी त्याची सर्वथा बरोबरी करता येणार नाही. तरीही दुसऱ्या अध्यायाचा प्रारंभ लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे. भगवंतांनी प्रथम त्याची निर्भर्त्सनाच केली. हे दौर्बल्य टाकून ऊठ, असे बजाविले. अर्जुन उठला नाही. आपली व्यथा त्याने पुन्हा सांगितली, लढणार नाही म्हणाला आणि मौन धरून बसला. त्यानंतर भगवंतांनी पुन्हा धिक्कार केला नाही. किंचित हसून ते त्याच्याशी बोलू लागले, आणि ते बोलणे अठराव्या अध्यायापर्यंत चालले.