चवीचा न्याय

वाइनला शंभरपैकी गुण देण्याची पद्धत अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस रूढ केली. तिच्यात नुसते पेल्यात उतरल्याबद्दल वाइनला पन्नास गुण मिळतात. खरी परीक्षा उरलेल्या पन्नासांची. त्याआधीपासून कॅलिफोर्नियातील डेव्हिसच्या विद्यापीठाची वीस गुणांची पत्रिका वापरात होती. आकडा वीसचा असो वा शंभरचा, त्यामागचा प्रश्न तत्त्वज्ञानातला जुनाच आहे. गुण वस्तूत असतो की चाखणाऱ्याच्या जिभेत? आणि जिभेत असेल, तर ‘हे गुण न्याय्य आहेत’ या म्हणण्याला काही अर्थ उरतो का?

गुण म्हणजे काय हे लातूरला समजावून सांगावे लागत नाही. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर झाले, आणि एका गुणाने मेडिकलची जागा हुकल्याची हळहळ या शहराच्या ओळखीची आहे. पण गुण दोन जातींचे असतात. ‘नीट’च्या उत्तरपत्रिकेवरचे काळे केलेले गोल यंत्र वाचते, तीच पत्रिका दहा वेळा घातली तरी बेरीज बदलत नाही. बोर्डाच्या मराठीच्या पेपरातला निबंध मात्र माणूस तपासतो. सकाळच्या पहिल्या गठ्ठ्यात त्याला सात मिळाले, तर संध्याकाळच्या शेवटच्या गठ्ठ्यात पाचही मिळतील. वाइनचे गुण दिसतात ‘नीट’सारखे, असतात निबंधासारखे. या विषयातला बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो.

वाइनमध्ये यंत्राने मोजण्यासारखे काहीच नसते, असे नाही. अल्कोहोल किती, साखर किती उरली, आम्लता किती, हे प्रयोगशाळा सांगते. लातूरच्या मार्केट यार्डातही सोयाबीनचा ओलावा मापकावर पाहतात; हमीभावाच्या खरेदीसाठी बारा टक्क्यांची मर्यादा नेहमीची आहे. वाद तिथे मिटायला हवा. (मिटत नाही, मापक कोणाचा यावरून पुन्हा सुरू होतो.) तरीही खरेदीदार मूठभर तूर तळहातावर पसरतो, फुंकर मारून फोलपट उडवतो, एक दाणा दाताखाली धरून फोडतो आणि मगच भाव बोलतो. त्या दाताने जे कळते ते मापकाच्या काट्यावर उमटत नाही. पण ते कळणे म्हणजे खरेदीदाराची लहर, असेही यार्डात कोणी म्हणत नाही. एका ढिगाला चौघांनी जवळपास सारखाच भाव बोलला, तर त्या चौघांना दाण्यातलेच काहीतरी कळलेले असते.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७५७ सालच्या अभिरुचीच्या निकषावरील निबंधात नेमके हेच मांडले, आणि उदाहरण घेतले ते वाइनचेच. ‘डॉन किहोते’ या कादंबरीतला सांचो पांझा आपल्या दोन नातलगांची गोष्ट सांगतो. एका पिंपातल्या नावाजलेल्या वाइनवर दोघांचे मत विचारले गेले. एक म्हणाला, वाइन उत्तम, पण कातड्याची किंचित चव लागते. दुसऱ्याने वाखाणणी केली, पण त्याला लोखंडाची चव लागली. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी कातडी वादी बांधलेली जुनी किल्ली निघाली. ह्यूम यांच्या मते आवड ही भावना असली, तरी ती जागी करणारे काहीतरी वस्तूत असते आणि ते टिपायला सगळ्यांची जीभ सारखी तयार नसते. चांगला परीक्षक व्हायला त्यांनी सूक्ष्म संवेदना, सराव, तुलनेची सवय, पूर्वग्रहापासून सुटका आणि शाबूत विवेक या गोष्टी आवश्यक मानल्या. किल्ली दर वेळी सापडत नाही, हा या गोष्टीतला कच्चा दुवा. बहुतेक पिंपांच्या तळाशी काहीच नसते आणि दोघांचे भांडण तसेच राहते.

इमॅन्युएल कांट यांनी १७९० मध्ये वाइनच पुढे केली, पण उलट बाजूने. कॅनरी बेटांवरची वाइन सुखद आहे असे कोणी म्हटले आणि ‘मला सुखद वाटते असे म्हण’ अशी दुरुस्ती दुसऱ्याने सुचवली, तर पहिला ती खुशाल मान्य करतो, असे कांट म्हणतात. सुंदर म्हणताना माणूस सगळ्यांच्या संमतीवर हक्क सांगतो; सुखद म्हणताना फक्त स्वतःपुरते बोलतो. जिभेची सुखे कांट यांनी या दुसऱ्या कप्प्यात टाकली. मराठीत रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथाने कांटच्या मांडणीची सविस्तर चर्चा केली आहे. कांट खरे मानले तर वाइनला गुण देणे हा प्रकारच गैरलागू ठरतो. पण मग यार्डातल्या त्या चौघांच्या एकमताचे काय करायचे, याचे उत्तर त्या कप्प्यात मिळत नाही.

भारतीय परंपरेने ही वाटणी केली नाही. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे सांगायला दृष्टान्त जेवणाचा आहे. निरनिराळी व्यंजने, वनस्पती आणि द्रव्ये एकत्र येऊन पदार्थाला रस येतो आणि तो सुमनस माणूस चाखतो. ‘सुमनस’ हा शब्द महत्त्वाचा. चाखायला जीभ पुरत नाही, मनही ठिकाणावर लागते. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणारे आणि पुढे तिथलेच प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनी नाट्यशास्त्राचा आणि रसचर्चेचा अभ्यास आयुष्यभर केला. त्यामुळे गोदाकाठच्या या शहराला भरत परका नाही.

रसाध्याय सगळ्यांना माहीत असतो. न्याय्य गुणदानाच्या दृष्टीने मात्र सत्ताविसावा अध्याय अधिक मोलाचा आहे. त्यात नाट्यस्पर्धेच्या परीक्षकांची, म्हणजे प्राश्निकांची, चर्चा आहे. एकाच माणसाला सगळे कळते असे भरत मानत नाही. यज्ञाच्या प्रसंगाला यज्ञ जाणणारा, नृत्याला नर्तक, छंदाला छंद जाणणारा, भाषेला वैयाकरण, शस्त्रांना धनुर्धर, स्वरांना गायक, प्रणयोपचाराला गणिका आदी दहा जण तो नेमतो. त्यांनी रंगमंचापासून बारा हात अंतरावर बसावे. प्रयोगातले घात, म्हणजे चुका आणि विघ्ने, टिपून ठेवावीत. आणि इथे भरत एक फरक करतो, ज्यापुढे आजच्या कित्येक गुणपत्रिका ओबडधोबड वाटतात. वारा, पाऊस, आग अशा दैवी कारणांनी किंवा प्रतिस्पर्ध्यांच्या गोंगाटाने घडलेले घात मोजायचे नाहीत. नटाकडून आणि प्रयोगातून उपजलेले तेवढेच लिहायचे.

एप्रिलमध्ये नांदेडचा पारा चाळिशीच्या वर असतो. नाशिकहून निघालेली वाइनची खोकी बिनवातानुकूलित टेम्पोतून येतात, दुपारभर दुकानाच्या पत्र्याखाली राहतात. अशी बाटली उघडली की ताज्या फळाच्या वासाऐवजी उकळलेल्या मुरांब्याचा वास येतो, बूच किंचित वर सरकलेले असते. तिला साठ गुण देऊन नाव उत्पादकाचे लिहिणे म्हणजे पावसाने मोडलेल्या प्रयोगाचे गुण नटाचे कापणे. न्याय्य मार्ग असा, की तो घात नोंदवावा, गुण देऊ नयेत आणि दुसरी बाटली मिळवावी. बुचाच्या दोषाने येणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र अवघड जागी बसतो. बाटलीपुरता तो योगायोग खरा, पण बूच वापरायचे की फिरकीचे झाकण, हा निर्णय उत्पादकाचा असतो. तो दैवाच्या खात्यात पूर्ण टाकता येत नाही.

दुसरा धोका चाखणाऱ्याच्या आत असतो. दहाव्या-अकराव्या शतकातल्या अभिनवगुप्ताने रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणे हे त्यांतले एक; समोरचे सारे ‘माझे’ किंवा ‘त्याचे’ म्हणून पाहणे हे दुसरे. आधुनिक प्रयोगांनी याला अनपेक्षित पुरावा दिला. फ्रान्समध्ये बोर्दोच्या फ्रेडरिक ब्रोशे यांनी वाइन शिकणाऱ्या चोपन्न विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या परीक्षकांना, त्यांच्या नकळत, एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली. सुमारे एक दशांश परीक्षकांनीच तिला तिन्ही वेळा एकाच पदकाच्या टप्प्यात ठेवले. बाकीच्यांचे गुण शंभरात चारेक इकडे-तिकडे सरकत होते. एकच निबंध तीनदा तपासायला द्यावा, तसाच हा प्रकार.

यावरून सगळी चव थोतांड, असा निष्कर्ष काढणारे आहेत. तो घाईचा आहे. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरियर यांनी बाटल्या झाकून स्पर्धा घेतली, तेव्हा फ्रेंच परीक्षकांनी नकळत कॅलिफोर्नियाच्या वाइनना दोन्ही गटांत पहिले स्थान दिले. लेबल दिसत असते तर ते घडले नसते. झाकलेली बाटली म्हणजे बैठक क्रमांक लपवलेली उत्तरपत्रिका; घरी वर्तमानपत्रात गुंडाळून आणि दुसऱ्या कोणाला ओतायला सांगूनही ते साधते. प्रयोगांतून एवढे सिद्ध होते, की अठ्ठ्याऐंशी आणि नव्वद यांतला फरक बहुतेकदा वाइनचा नसून त्या दिवसाचा असतो. कारणे मात्र आकड्यापेक्षा अधिक भरवशाची ठरतात, आणि कारणे सांगायला मराठी कमी पडत नाही. आयुर्वेदाने तुरट हा सहा रसांपैकी एक मानला आहे, तर पाश्चात्त्य शास्त्र त्याला सहसा चव न मानता स्पर्शात ढकलते. कच्च्या जांभळाने जीभ कशी आवळते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला लाल वाइनमधले टॅनिन वेगळे शिकवावे लागत नाही. न पाहिलेल्या युरोपीय बोरांची नावे घोकण्यापेक्षा करवंद, चिंच, मनुका लिहिलेले टिपण इथल्या वाचकाला पडताळून पाहता येते.

लाच घेणारा परीक्षक वाईट, हे सांगायला तत्त्वज्ञान लागत नाही. अवघड आहे ते भेट घेणाऱ्याचे. खाल्ल्या मिठाला जागावे, हा मराठी मनावरचा खोल संस्कार आहे आणि तो दुर्गुण नव्हे. उत्पादकाने बाग दाखवली, जेवू घातले, दोन बाटल्या हाती दिल्या, तर त्याच्या वाइनला सुमार म्हणणे कृतघ्नपणाचे वाटते. इथे सद्गुणाची गाठ सद्गुणाशीच पडते. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबकडे येणाऱ्या शीख यात्रेकरूंना गुरू नानकांची एक साखी पाठ असते. सुलतानपूर लोधीच्या मोदीखान्यात धान्य मोजताना ते तेराव्या मापाशी आले, ‘तेरा’ म्हणजे ‘तुझे’ या अर्थात रंगले आणि ‘तेरा, तेरा’ म्हणत मापे घालत राहिले. पुढे तपासणीत हिशेब चोख निघाला. ते औदार्य संताला शोभते. परीक्षक मात्र हात सैल सोडतो तेव्हा पैसे वाचकाच्या खिशातून जातात. ‘आपल्या नाशिकची आहे, शेतकऱ्याचे भले होते’ म्हणून चढवलेले गुणही त्याच जातीचे.

याच्याही आधीचा प्रश्न धर्माचा आहे. शीख रहित मर्यादेत नशेला मनाई आहे, इस्लाममध्ये मद्य निषिद्ध आहे, गळ्यात माळ घातलेला वारकरी बाटलीला हात लावत नाही. यांतले कोणते ना कोणते घर नांदेड-लातूरच्या प्रत्येक गल्लीत आहे. शिवाय एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागलेल्या लातुरात वाइनच्या नजाकतीची चर्चा काहींना अश्लाघ्य वाटली, तर त्यात नवल नाही. गुण देणे म्हणजे ‘प्या’ म्हणणे नव्हे, हे उत्तर तर्काला धरून आहे. पण ते पूर्ण प्रामाणिक नाही. नव्वद हा आकडा मोह घालतोच.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाचा तपस्वी धर्म शिकायला काशीतल्या तुलाधार या दुकानदाराकडे जातो. तुलाधाराचा तराजू सर्व प्राण्यांसाठी सारखा आहे. तो नाना रस विकतो, मद्य तेवढे वगळतो. आणि इतरांच्या कर्मांची स्तुतीही करत नाही, निंदाही करत नाही. वाइनच्या परीक्षकाला यातला तराजू घेता येतो; बाकीच्या दोन गोष्टी घेता येत नाहीत, कारण मद्य आणि स्तुतिनिंदा हाच त्याचा विषय आहे. तेव्हा बाटली विकत घेतली की भेट मिळाली, झाकून चाखली की लेबल पाहून, उन्हातून आली का, आणि कातड्याची चव लागली की लोखंडाची, हे त्याने गुणांच्या शेजारी लिहावे. ते लिहिलेले नसेल, तर वाचकाने तो आकडा जमेस धरू नये.