प्रसंग निवडण्याची शिस्त

1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला आले. हा औरंगाबादचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचा बेत होता. धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दाराबाहेरच्या हौदावर हातपाय धुतले, तोच एक वृद्ध मुसलमान गृहस्थ हौद बाटवल्याचा आरडाओरडा करत धावत आले. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. अस्पृश्य माणूस मुसलमान झाला तर त्यालाही अडवाल का, असं बाबासाहेबांनी विचारलं तेव्हा जमाव गप्प झाला. मंडळींना आत सोडलं, पण कुणी पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत सशस्त्र शिपाई दिला गेला.

हा प्रसंग आपल्याकडे भाषणांतून पुष्कळदा येतो. संशोधनपद्धतीच्या तासाला तो येत नाही, आणि मला तो तिथेच हवा आहे. ज्या पुस्तिकेत बाबासाहेबांनी तो लिहिला, त्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’च्या सुरुवातीलाच त्यांनी पद्धतीचा प्रश्न सोडवला आहे. परदेशी वाचकाला अस्पृश्यता समजावायची तर एक मार्ग सर्वसाधारण वर्णनाचा, दुसरा प्रत्यक्ष घडलेले प्रसंग मांडण्याचा. त्यांनी दुसरा निवडला. रुपयाच्या प्रश्नावर 1923 साली ग्रंथ लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाला आकडे जमत नव्हते, असं कोण म्हणेल?

निवड कशी केली तेही बघावं. 1901 मधल्या लहानपणीच्या प्रवासात हिंदू स्टेशनमास्तर आणि गाडीवान भेटतात, बडोद्याला पारशी धर्मशाळा येते, दौलताबादला मुसलमान जमाव. प्रत्येक प्रसंग आधीच्या प्रसंगाने न सांगितलेलं काही सांगतो. आजच्या पाठ्यपुस्तकांत याला हेतुपूर्वक नमुना निवड म्हणतात. पुढे ते स्वतःच्या अनुभवावर न थांबता एका शिक्षकाचं छापून आलेलं पत्र आणि एका तलाठ्याची हकीकतही देतात. म्हणजे साधनं तीन तऱ्हेची. घाटाखालच्या चाळीसगावचा 1929 चा प्रसंग तर विलक्षण आहे. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब फिरत होते, आणि त्यांनाच टांगेवाल्यांनी न्यायला नकार दिला. माहिती गोळा करणाराच माहितीचा विषय झाला.

त्याआधीची रीत वेगळी होती. निजामाच्या राज्यातल्या जातीजमातींवरचा सैयद सिराज-उल-हसन यांचा ग्रंथ 1920 मध्ये निघाला. त्यात जातींची उत्पत्ती, लग्नाचे विधी, अंत्यसंस्कार क्रमवार आहेत. उपयोगी ग्रंथ आहे, मी नाकारत नाही. पण त्यात माणूस बोलत नाही, त्याच्याविषयी बोललं जातं. त्याच सुमारास, 1922 मध्ये, मॅलिनोव्स्कीचा ट्रोब्रिआंड बेटांवरचा ग्रंथ आला आणि लोकांत राहून, त्यांची भाषा शिकून पाहण्याला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली. तरीही पाहणारा बाहेरचा आणि पाहिले जाणारे आतले, ही भिंत उभीच होती. बाबासाहेबांनी ती ओलांडली. गंमत अशी की पुस्तिका 1990 मध्ये छापून येईपर्यंत फारसं कुणाला हे ठाऊकच नव्हतं.

माणसाला बोलू देणारी रीत पुढे आपल्याकडेही दिसते. मराठवाडा विद्यापीठ 1958 मध्ये सुरू झालं. इथल्या मराठीच्या अभ्यासकांतले डॉ. प्रभाकर मांडे भटक्या जमातींकडे वळले. ‘गावगाड्याबाहेर’ हे त्यांच्या पुस्तकाचं नावच पुरेसं बोलकं आहे. त्यांनी या लोकांच्या सांकेतिक आणि गुप्त भाषांचाही अभ्यास केला. गुप्त भाषा प्रश्नावलीला उत्तर म्हणून मिळत नसते. ज्यांना 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांच्या वस्तीत वही काढून बसणारा माणूस पोलिसाचा वाटणारच. तिथे विश्वास हीच पहिली पायरी, आणि तिला वेळापत्रक नसतं.

बायकांच्या बाबतीत तेच. घरचं सगळं कसं चाललंय, असं परक्याने विचारलं तर ‘बरं चाललंय’ एवढंच हाती लागतं. जात्यावर बसलेली तीच बाई सासर, माहेर, भाऊ, भीमराव, सगळ्यांवर ओव्या गाते. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी अशा ओव्यांचा प्रचंड संग्रह उभा केला, त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या ओव्याही आहेत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 1989 च्या ‘आम्हीही इतिहास घडवला’साठी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. कागदोपत्री जवळजवळ नसलेला इतिहास त्या मुलाखतींतून उभा राहिला.

आणि आता? ‘माझं काम गुणात्मक आहे, दहा-बारा मुलाखती पुरतात’ असं सर्रास ऐकू येतं. दहाच का, हीच माणसं का, यांच्या बोलण्याला दुसरा आधार कोणता, याचं उत्तर नसतं. कधी गूगल फॉर्मवर आलेल्या दोन ओळींनाच मुलाखत म्हटलं जातं. मोजणीतून सुटका म्हणून निवडलेली पद्धत ही पद्धत नव्हे, ती पळवाट आहे.

संशोधनपद्धती शिकवणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती. परदेशी पाठ्यपुस्तकं ठेवाच, पण पहिल्या आठवड्यात ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचायला द्या आणि प्रत्येक प्रसंगापुढे ‘हा का निवडला?’ एवढाच प्रश्न विचारा.