खरवडलेला पत्रा

वसईतल्या आमच्या ओळखीच्या एका घरी गेल्या मे महिन्यात जुनी प्रीमियर पद्मिनी खरवडण्याचे काम निघाले. कुर्ल्याच्या कारखान्यात ही फियाटची गाडी १९६४ पासून बनू लागली आणि पद्मिनी हे नाव तिला पुढे मिळाले. मुंबईत टॅक्सी म्हणून तिने कित्येक दशके काढली. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी तिची ती चाकरीही संपली. या घरची गाडी मात्र टॅक्सी नव्हे. ती आजोबांची, आंब्याखाली ताडपत्री पांघरून पंधरा वर्षे उभी होती. दोन नातवांनी ती पुन्हा रस्त्यावर आणायचे मनावर घेतले आणि मदतीला एक म्हातारे डेंटर बोलावले.

वरून पाहता गाडी बरी दिसत होती. दरवाजाच्या खालच्या कडेला मोहरीएवढे चार फोड, इतकेच. डेंटरने तिथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो आरपार गेला! काचेवरून ओघळणारे पाणी दरवाजाच्या पोटात उतरते आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडते. ती भोके मातीने बुजली की पाणी आतच साचते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागते, म्हणून तो फुगतो आणि रंगाला वर ढकलतो. आपल्याला फोड दिसतो तोवर आतले काम बहुधा उरकलेले असते.

पाहायला जमलेल्यांपैकी एक काका म्हणाले, "एवढं कशाला उकरता? पुट्टी भरा, रंग मारा आणि विकून टाका."

पुट्टी वाईट नव्हे. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावरचा बारीक खळगा तिनेच भरायचा असतो. पण गंजलेल्या भोकावर पुट्टी लिंपून गाडी विकणे म्हणजे तोंडातून एक शब्दही न काढता खोटे बोलणे. जाणकार गिऱ्हाईक खिशात लोहचुंबक ठेवते. पत्र्यावर तो चिकटतो, पुट्टीच्या जाड थरावर चिकटत नाही. बाकीचे बिचारे रंगाची चकाकी पाहून पैसे मोजतात.

म्हणजे खरवडणे हेच सत्य आणि झाकणे हे असत्य, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला अशी विभागणी फार लवकर सुचते. त्या विभागणीत चूक आहे, हे दुसऱ्या दिवशी दिसले.

मुले उत्साही. नाकाला फडके बांधून (जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे खरे तर चांगला मास्कच हवा) त्यांनी एका दिवसात बॉनेट आणि अख्खे छप्पर खरवडले. रिमूव्हर लावून फुगलेला रंग पत्रीने काढला, मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. तिन्हीसांजेला पत्रा आरशासारखा लखलखत होता. आम्हीही वाहवा केली. सकाळी जाऊन पाहतो तो सगळ्यावर तांबूस थर! समुद्रकाठची दमट, खारी हवा. तिला एक रात्र पुरली. इतकी वर्षे धड राहिलेला पत्राही आम्ही उघडा टाकून गंजवला होता.

डेंटर रागावले नाहीत. म्हणाले, "सांजच्याला प्रायमर जेवढ्याला लागेल, तेवढंच सकाळी उघडायचं, फादर."

त्या वाक्याने आम्हांला एका जुन्या बैठकीची आठवण झाली. एका समितीच्या हिशेबात तीन हजारांची तूट निघाली होती. वयोवृद्ध खजिनदारांना आम्ही ती भर सभेत विचारली. आकडा खरा होता, प्रश्नही योग्य होता. त्यांना उत्तर देता आले नाही. सभा संपली, आम्ही सगळे घरी जाऊन जेवलो. त्या रात्री त्यांच्या दारात कोणी गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पैसे त्यांनी आठवड्यात भरले. पण त्या रस्त्याने ते पुन्हा आलेले आम्ही पाहिले नाहीत. आम्ही खरे बोललो होतो, म्हणून आमचे काही चुकले असे आम्हांला कित्येक वर्षे वाटलेच नाही.

मग ती तूट झाकून ठेवायला हवी होती काय? नाही. आतला गंज वाट पाहत बसत नाही. पण माणसाचे उणे चारचौघांत उघडे करण्याचा अधिकार आम्ही घेतला, तेव्हा त्या संध्याकाळची जबाबदारीही आमचीच होती. एकट्याने घरी जाऊन विचारता आले असते. सभेतच विचारायचे, तर नंतर त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालत जाता आले असते. यातले काहीही अवघड नव्हते.

मुलांनी छप्पर आणि बॉनेट पुन्हा घासले, पुसून कोरडे केले आणि दुपारीच प्रायमर मारला. त्यानंतर काम सावकाश चालले. आम्ही शेवटचे गेलो तेव्हा आभाळ भरून येऊ लागले होते. डावा दरवाजा कुजलेली पट्टी कापून, नवा पत्रा जोडून, प्रायमरमध्ये उभा होता. उजव्या दरवाजाचे फोड तसेच होते. त्याला त्या दिवशी कोणी हात लावला नव्हता. धाकटा नातू त्याच्यावर ताडपत्री बांधत होता.