खाटेवरचा फोटो

आईचे हात गेले, हे आम्हाला भाकरीवरून कळलं. आमच्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी. तिचं पीठ मळून आई परातीत भाकरी थापायला बसली की आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. २०१७ च्या दिवाळीनंतर तो आवाज बसत गेला. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळायची नाही. चरवी धरवेना. भाकरी कडेला फाटायला लागली. बायको म्हणाली, "आत्या, मी थापते." आईनं त्या दिवशी परात सोडली नाही. आठ दिवसांनी कुणाला न सांगता सोडली.

गावात इंजेक्शन घेतलं की दोन दिवस अशी चालायची, की वाटावं दुखणं पळालं. मग पुन्हा इंजेक्शन. तोंडावर सूज आली तेव्हा मी घाबरलो आणि तिला तालुक्याच्या एमडी डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी रक्त तपासून सांगितलं, हा म्हातारपणाचा सांधा नाही, ऱ्हुमॅटॉइड आहे. शरीराची राखण करणारी शक्तीच सांध्यांवर उलटते. औषध वेळेत सुरू झालं तर बोटं वाचतात, एकदा झिजलेलं हाड मात्र परत येत नाही. "ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट गाठा," ते म्हणाले, "आणि उशीर करू नका."

मी तेव्हा विनाअनुदानित शाळेत बिनपगारी मास्तर. दोन एकर कोरडवाहू रान आणि केशरी रेशनकार्ड. त्या कार्डाचा मला मोठा आधार वाटला. सरकारची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यांत आमचा सोलापूर होता. पुढं तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार मिळायचे. मी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि आईला घेऊन एसटीत बसलो.

पहिल्या दवाखान्यात योजना होती, पण हा डॉक्टर नव्हता. हाडाच्या डॉक्टरांनी एक्सरे बघून आम्हाला पुढं पाठवलं. दुसरीकडं डॉक्टर होते, पुण्याहून महिन्यातून दोनदा यायचे, पण ते योजनेत नव्हते. त्यांची फी, तपासण्या, जाणं-येणं धरलं तर आमच्या घरात महिन्याचं तेलमीठ थांबलं असतं. तिसऱ्या ठिकाणी दोन्ही होतं. आई जिना चढून वर गेली. तिथं कळलं, की योजना दाखल झालेल्या रोग्याला आहे, तेही यादीतल्या उपचारांना. डॉक्टरांना नुसतं दाखवून चिठ्ठी घेणं, दर काही आठवड्यांनी रक्त तपासणं, महिन्याच्या गोळ्या, हे तिच्यात बसत नाही. म्हणजे आई पडली तर सरकार उचलणार. पडू नये म्हणून जे लागतं ते आमचं आम्ही बघायचं. खुळ्यासारखा मी कार्ड पुन्हा पुन्हा पुढं करत होतो.

तिथल्या एका माणसाला माझी दया आली असावी. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, दोन दिवस ॲडमिट दाखवू. तपासण्या सगळ्या होतील, डिस्चार्जला गोळ्याबी मिळतील. फकस्त खाटेवर झोपल्याला एक फोटो लागतोय."

मी हो म्हणालो. हे लिहायला मला आज अवघड जात नाही, तेव्हाही गेलं नव्हतं. पोरांना नागरिकशास्त्र शिकवणारा मी, पाच मिनिटंही विचारात पडलो नाही.

वॉर्डात एक खाट दाखवली. "आजी, झोपा इथं," तो म्हणाला. आई उभीच. दारापाशी एक बाई पोराला खांद्यावर टाकून टेकली होती. पोराच्या अंगात ताप, सलाईनची सुई हाताला तशीच.

"ह्या लेकराला खाट न्हाई?" आईनं विचारलं.

"मिळंल त्याला. तुमचा फोटो झाला की लगेच."

"मला बसाय येतंय, चालाय येतंय. मी कशापायी निजू?"

मी तिला हळू आवाजात समजावलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तसाच जिना उतरून खाली आली आणि एसटी स्टँडवर म्हणाली, "मला भज्जी घे." मी घेतली. बेगमपूर येईपर्यंत आम्ही बोललो नाही.

पुढचे सहा महिने मी तिच्यावर मनातल्या मनात चिडून होतो. पैसे जमायला तेवढा वेळ लागला. शेवटी एक शेरडू विकलं, सोलापुरातून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरली आणि मुंबईला केईएममध्ये गेलो. तिथं संधिवाताचा वेगळाच विभाग आहे. पहाटेपासून रांग, पण माणसागत वागणूक. गोळी सुरू झाली. मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच. रोज घ्यायची नाही, हे त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तीनदा बजावलं. आईनं सोमवार धरला. गंमत अशी, की ती गोळी फार महाग नाही. महाग पडतं ते ती लिहून देणाऱ्यापर्यंत पोचणं.

पण त्या सहा महिन्यांत उजव्या हाताची दोन बोटं करंगळीच्या बाजूला कलली, ती कललीच.

आमच्या गल्लीतल्या काकींनाही हेच दुखणं. त्यांच्या पोरानं तसाच फोटो काढला. काकी दोन दिवस 'दाखल' झाल्या, औषध वेळेत लागलं. आज त्या भाकरी थापतात. त्यांच्या पोराला मी खोटारडा म्हणू का? मला ते जमत नाही. त्यानं कुणाच्या ताटातलं ओढलं, हे मला नीट दाखवता येत नाही. खाट दहा मिनिटांची, पैसे सरकारचे, आणि नियम असा, की खरं बोलणाऱ्याची बोटं वाकावीत. दुष्काळात छावणीवर जनावरं जास्त दाखवणाऱ्यांना आम्ही शिव्या दिल्या, कारण ते दुसऱ्याच्या गुरांचा चारा खात होते. काकींचं तसं होतं का? होतं असं म्हणावं, तर त्यांचा हात डोळ्यांपुढं येतो. नव्हतं म्हणावं, तर ते दारातलं पोर येतं. हजार जणांनी हजार फोटो काढले, तर खरोखर पडलेल्याला खाट कुठली मिळणार, हेही खरंच.

आणि आईचं बरोबर होतं असं म्हणताना मला माझीच शंका येते. बोटं तिची गेली, अभिमान मला वाटतो. हे फार स्वस्त आहे.

मागं एकदा मी तिला विचारलंच, "त्या दिवशी झोपली असतीस तर?"

ती शेंगा निवडत होती, डाव्या हातानं. म्हणाली, "तू सांगितलं आसतंस की बाबा, लेकराला खाट मिळाल्यावर झोप, तर झोपले आसते." मग थोडं थांबून, "तू तसं सांगितलं न्हाईस."

मला तसं सुचलंच नव्हतं. तिनं शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं आणि उरलेल्या निवडायला सांगितल्या.