मोटार लावण्याआधी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका लहान वर्कशॉपात जुनं टरेट मिलिंग मशीन होतं. टेबलाचं हँडल फिरवून फिरवून तिथल्या मिस्त्रींचा खांदा धरला होता. स्क्रूची पिच 5 मिलिमीटर. 300 मिलिमीटरचा एक कट घ्यायचा तर हँडलचे 60 फेरे, तेही एका लयीत. लय चुकली की जॉबवर पट्टे उमटतात. मालकांच्या पुतण्याला हे बघवेना. त्यानं आपल्या पगारातून टेबल चालवणारी मोटार, म्हणजे पॉवर फीड, आणलं.

"मामा, आता नुसतं बटण दाबायचं."

मिस्त्रींना मनापासून बरं वाटलं. "लाव की. पण आधी टेबल हातानं या टोकापास्नं त्या टोकापर्यंत नेऊन बघ."

टेबल मधे हलकं चाललं, दोन्ही कडांना जड झालं. वर्षानुवर्षं काम होतं ते मधेच, म्हणून टेबल ज्यावर सरकतं ते डोव्हटेल आणि स्क्रू झिजतात तेही मधेच. मधला हिसका घालवायला डोव्हटेलमधली फट भरणारा गिब आवळावा, तर टेबल कडेला अडतं.

"अडू दे, मोटार ओढून नेईल."

"तीच भीती हाय. अडलं की माझा हात थांबतोय. मोटारीला कसं कळायचं?"

पुतण्यानं मोटार लावलीच. काम मात्र सुबक केलं होतं: स्क्रूच्या टोकाला बेव्हल गिअर, शिम घालून दातांचा मेळ, दोन्हीकडे लिमिट स्विच. जुन्या मशीनला मोटार लावली की ते नवं झालं असं मानायची घाई आपल्याकडे फार आहे, त्याला एकट्याला काय बोलावं! फिनिश चांगली यावी म्हणून त्यानं कटर फिरतो त्याच दिशेनं फीड दिलं. मिस्त्री कायम उलट्या दिशेनं देत, म्हणजे नटातला प्ले एकाच अंगाला दाबून राहतो. इथं कटरनं टेबल खस्सकन ओढून घेतलं. कटरचा दात तुटला, जॉब भंगारात गेला.

मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी डायल लावला. हँडल उलट फिरवलं, तर हँडलच्या खुणांवर 0.8 मिलिमीटर भरेपर्यंत टेबल जागचं हललंच नाही.

मोटार उतरली. स्क्रू आणि गनमेटलचा नट नवा बसवला. मग डोव्हटेल खरवडायला घेतलं. मिस्त्रींचा खांदा साथ देईना, म्हणून स्क्रेपर पुतण्याच्या हातात आला. निळा रंग पुसट लावायचा, पट्टी घासायची, डाग उमटेल तेवढंच खरवडायचं, पुसायचं, पुन्हा रंग लावायचा. सुरुवातीला डाग फक्त कडांना पडत. त्याचे तळवे सोलवटले, रोज संध्याकाळी तो "आता बास?" विचारायचा, आणि मिस्त्री पुन्हा रंगाची डबी पुढे करायचे. हळूहळू डाग मधेही दिसू लागले, आणि त्यानं विचारणं सोडलं.

टेबल टोकापासून टोकापर्यंत सारखं चालू लागलं, तेव्हा मोटार बसवायला अर्धा दिवस पुरला. फीड मात्र त्यानं कटरच्या उलट दिशेनंच ठेवलं.

पुढे शेजारच्या शेडचे मालक पॉवर फीडचं नवं खोकं घेऊन आले. "एका दिवसात लावून देशील काय?"

"मशीन बघून सांगतो, काका," तो म्हणाला आणि डायल घेऊन त्यांच्याबरोबर निघाला.